भरधाव म्हणजे किती?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते वकीलसाहेब फौजदारी बाजूचे. म्हणून संयोजकांनी मला कोर्टातलाच विषय घ्यायला सांगितलं. एखादा गाजलेला खुनाचा खटला मी उलगडून सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी निवडलाय अपघाताचा खटला. खुनाच्या खटल्यात आपल्यापैकी कुणी आरोपी होईल असं मला वाटत नाही. पण या सभागृहाबाहेर लावलेल्या प्रत्येक गाडीचा मालक उद्या या खटल्यात आरोपी, फिर्यादी, साक्षीदार किंवा पंच होऊ शकतो. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, हा केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. यातल्या बहुतेक मृत्यूंमागे कुठल्या तरी पोलीस ठाण्यात एक फिर्याद असते, आणि पुढे तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर एक खटला उभा राहतो. त्या खटल्याचं पुढे काय होतं, ते मी आज सांगणार आहे.

मी काही वर्षं सहायक सरकारी अभियोक्ता होते, नंतर बचावाकडे आले. दोन्ही बाजूंनी उभं राहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला वाट बघायला नको. हे खटले कोर्टात जिंकले किंवा हरले जात नाहीत. अपघातानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत, रस्त्यावरच त्यांचा निकाल लागतो. हातात टेप घेऊन उभा असलेला हवालदार काय मोजतो आणि काय मोजत नाही, यावर तो ठरतो.

आधी कलमं. भारतीय दंड संहिता १८६० ची. तिच्या कलम २७९ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन हाकण्याचा गुन्हा होता. त्याला कुणी मरायला नको, जखमीही व्हायला नको. माणसाचा जीव धोक्यात येईल अशा तऱ्हेने हाकलं, एवढं पुरे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हयगयीने मृत्यू घडवण्याचं कलम, ३०४ अ, मूळ संहितेत नव्हतंच. ते १८७० साली घातलं गेलं, तेव्हा आपल्या रस्त्यांवर मोटार आलेली नव्हती. म्हणजे टांगे, बग्ग्या आणि बैलगाड्यांच्या काळातला हा कायदा आपण ट्रक आणि एसयूव्हींना लावत आलो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. २७९ चं झालं २८१. शिक्षा तीच, सहा महिने. दंडही तोच, हजार रुपये. १८६० साली हजार रुपये म्हणजे काय होतं, याचा विचार तुम्हीच करा. ३०४ अ चं झालं १०६ चं पहिलं पोटकलम, आणि तिथे मात्र शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. त्याकडे मी शेवटी येईन.

आता फिर्याद. अपघाताची फिर्याद देणारा बहुतेक वेळा मयताचा भाऊ किंवा मेहुणा असतो. अपघात झाला तेव्हा तो शेतात किंवा कामावर असतो. कुणाचा तरी फोन येतो, तो सिव्हिल हॉस्पिटलला पोचतो, तिथून पोलीस ठाण्यात. ठाणे अंमलदार फिर्याद लिहून घेतो. त्या फिर्यादीतलं एक वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही ठाण्यात तुम्हाला जवळजवळ शब्दशः सापडेल: सदर चालकाने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून समोरून धडक दिली. मी हे वाक्य इतक्या वेळा वाचलंय की झोपेतही म्हणेन. कायद्याला जे जे हवं ते सगळं त्यात आहे. नाही तो फक्त पुरावा. फिर्याद देणाऱ्याने काहीच पाहिलेलं नसतं, आणि लिहून घेणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

चालकाला अटक होते आणि त्याच दिवशी तो जामिनावर सुटतो. यावर लोक चिडतात. ‘माणूस मारला आणि संध्याकाळी घरी!’ पण ३०४ अ जामीनपात्र होतं आणि १०६(१) सुद्धा जामीनपात्रच आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, त्यात पोलिसांची मेहरबानी नसते. तिथे चिडून उपयोग नाही. चिडायची खरी जागा दोषारोपपत्रात आहे, आणि ते वाचायला मात्र सहसा कुणी येत नाही.

त्या दोषारोपपत्रात काय असतं? फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मोटार वाहन निरीक्षकाचा गाडी तपासल्याचा अहवाल, लायसन्स आणि विम्याच्या प्रती, आणि सात-आठ साक्षीदारांचे जबाब. हे जबाब म्हणजे पुरावा नव्हे, हे लक्षात घ्या. पोलिसांसमोर दिलेला जबाब कोर्टात फक्त साक्षीदाराला त्याच्या आधीच्या बोलण्यातली विसंगती दाखवायला वापरता येतो. साक्षीदाराने पिंजऱ्यात उभं राहून जे सांगितलं, तेवढाच पुरावा.

आता प्रत्यक्षदर्शीची उलटतपासणी कशी होते, ते ऐका. माणूस कल्पित आहे, पण प्रश्नोत्तरं कुठल्याही तालुका कोर्टातली समजा. सरतपासणीत तो सांगतो, ‘ट्रक भरधाव आला आणि मोटरसायकलला उडवलं.’ मग बचावाचा वकील उठतो.

‘तुम्ही तेव्हा काय करत होता?’

‘टपरीवर चहा घेत होतो.’

‘टपरी रस्त्याच्या कुठल्या अंगाला?’

‘डाव्या.’

‘चहा घेताना तुमचं तोंड टपरीवाल्याकडे होतं की रस्त्याकडे?’

‘टपरीवाल्याकडे.’

‘मग ट्रक कधी पाहिला?’

‘धाडकन आवाज झाला, म्हणून वळून पाहिलं.’

वकील खाली बसतो. पुढे विचारायला काही उरलेलंच नसतं. आवाज झाल्यावर ज्याने वळून पाहिलं, त्याने ट्रक येताना पाहिलेला नाही. कोण कुठल्या बाजूने होतं, ट्रकने आधी हॉर्न दिला का, मोटरसायकलवाला मधेच आला का, यातलं काहीही तो सांगू शकत नाही. तो खोटं बोलत नव्हता, बरं का. पडलेला माणूस, थांबलेला ट्रक, सांडलेलं रक्त त्याने खरोखरच पाहिलं, आणि आधी काय घडलं असेल ते त्याच्या मनाने भरून काढलं. आपण सगळेच असं करतो. तपास अधिकाऱ्याने जबाब घेताना ‘तोंड कुणीकडे होतं’ हा एक प्रश्न विचारला असता तर त्याला दुसरा साक्षीदार शोधावा लागला असता, आणि तो सापडलाही असता.

वेगाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली एका निकालात जे सांगितलं, ते प्रत्येक पोलीस ठाण्यात लावून ठेवावं असं मला वाटतं. कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश. घटना १९८२ सालची. एक ट्रक नाला ओलांडताना उलटला, १५ माणसं गेली. साक्षीदारांनी सांगितलं, ट्रक फार वेगात होता. खालच्या कोर्टांनी चालकाला दोषी धरलं, उच्च न्यायालयाने सोडलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली. न्यायालयाचं म्हणणं असं की ‘फार वेग’ ही सापेक्ष गोष्ट आहे. त्या रस्त्यावर, त्या वेळी फार म्हणजे किती, हे सरकार पक्षाने दाखवलं पाहिजे. कुणीच दाखवलं नव्हतं. आणि त्याच निकालातली एक बारीक गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. ट्रक उलटायच्या जरा आधी मोठा हिसका बसला होता, असा पुरावा होता. तो हिसका रस्ता खराब म्हणून बसला की गाडीत काही मोडलं म्हणून? मोटार वाहन निरीक्षकाने गाडी तपासून अहवाल दिला होता. तो अहवाल कोर्टाच्या कागदांत नव्हता, आणि निरीक्षकाला साक्षीला बोलावलंच नव्हतं. १५ माणसांच्या मृत्यूचा खटला, आणि गाडी धड होती का हे सांगू शकणारा एकमेव माणूस पिंजऱ्यात आला नाही! लोक म्हणतात, वकिलाने सोडवला. इथे वकिलाने काय केलं होतं? रिकामी जागा दाखवली, इतकंच.

मग वेग मोजायचा कसा? हे अवघड नाही, आणि त्याला फार मोठी यंत्रणाही लागत नाही. चाकं लॉक होऊन गाडी घसरली की डांबरावर काळा पट्टा उठतो. त्याची लांबी आणि रस्त्याचा घर्षणांक यांवरून वेगाचा किमान अंदाज निघतो. कोरड्या डांबरी रस्त्याचा घर्षणांक ०.७ धरला आणि पट्टा ३० मीटरचा असला, तर ब्रेक लागला तेव्हा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास होता. बारावी विज्ञानाचा मुलगाही हे गणित सोडवेल. एबीएसच्या गाड्यांचे पट्टे तितके ठळक उठत नाहीत, हे खरं. पण आता पेट्रोल पंपावर, ज्वेलर्सच्या दारात, टोलनाक्यावर कॅमेरे आहेत. दोन खांबांमधलं अंतर टेपने मोजा, ते अंतर गाडीने किती सेकंदांत कापलं ते चित्रणात पाहा आणि भागाकार करा.

आता पंचनामा पाहा. ‘सदर रस्ता दक्षिणोत्तर असून अंदाजे २५ फूट रुंद आहे. रस्त्यावर काचांचे तुकडे व रक्त सांडलेले दिसते.’ अंदाजे! टेप हातात असताना अंदाजे. ब्रेकचा पट्टा होता की नव्हता, याचा उल्लेख नाही. काचा रस्त्याच्या मध्यापासून किती अंतरावर, डाव्या अंगाला की उजव्या, तेही नाही. धडक नेमकी कुठे झाली हे काचांवरून आणि खरवडल्याच्या खुणांवरून कळतं, आणि कोण आपली बाजू सोडून गेला याचं उत्तर तिथेच असतं. कच्चा नकाशा असलाच तर प्रमाणात नाही. गाड्या तोवर बाजूला घेतलेल्या असतात, कारण मागे तीन किलोमीटर वाहनं खोळंबलेली असतात. हवालदाराला मी दोष देत नाही. एका बाजूला जखमी, दुसरीकडे जमाव, तिसरीकडे वाहतूक, आणि तो एकटा. पण मग पंचाला कोर्टात विचारलं की ‘सही कुठे केली?’, तर तो प्रामाणिकपणे सांगतो, ‘ठाण्यात.’ पंचनामा तिथेच संपला.

कॅमेऱ्याच्या चित्रणाचीही एक अट आहे आणि ती आपल्या जालन्याच्या खटल्यातूनच पक्की झाली. जालना विधानसभेच्या निवडणुकीवरच्या वादात, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दाखल करायची तर सोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. तेव्हा ते पुरावा कायद्याच्या ६५ ब खाली होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. तो खटला नामनिर्देशनाच्या वेळच्या चित्रणाचा होता, पण त्याचा फटका अपघाताच्या खटल्यांनाही बसतो. पंपमालकाकडून पेन ड्राइव्ह आणला, प्रमाणपत्र घ्यायचं राहिलं, तीन वर्षांनी पंप दुसऱ्याला विकला गेला. चित्रण स्पष्ट आहे, पण कोर्टात ते पुरावा म्हणून धरलं जात नाही.

इथे नव्या कायद्यातली एक गोष्ट मला खटकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची सक्ती आहे. पण ती सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना. हयगयीने मृत्यूला पाच वर्षं. म्हणजे शास्त्रीय मोजमापाची सगळ्यात जास्त गरज ज्या गुन्ह्यात, तोच त्या सक्तीच्या बाहेर राहिला. खुनात बहुतेक वेळा कुणी मारलं हा प्रश्न असतो. अपघातात कुणी, हे बहुधा ठाऊक असतं. कसं, हे ठाऊक नसतं.

बचावाच्या बाजूबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण त्याबद्दल गैरसमज फार. अपघात झाला म्हणून गुन्हा झाला, असं फौजदारी कायदा मानत नाही. १९७९ सालच्या सय्यद अकबर खटल्यात बसचालकासमोर चार वर्षांची मुलगी अचानक रस्ता ओलांडायला धावली. त्याने बस उजवीकडे वळवली, तरी ती सापडली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. घटनाच स्वतःची साक्ष देते हे तत्त्व भरपाईच्या दाव्यात जितक्या सहज चालतं तितकं फौजदारीत चालत नाही. तिथे आरोपीने आपलं निर्दोषत्व सिद्ध करायचं नसतं. ताशी ६० वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोर माणूस दिसला, मेंदूने पायाला सांगितलं, पाय ब्रेकवर गेला, यात तो सेकंद संपतो. कायदा पाळून चालवणाऱ्याच्या हातूनही मृत्यू घडू शकतो, आणि तसा घडला तर त्याला तुरुंगात घालून मयताला न्याय मिळत नाही.

दुसरा बचाव कारणाचा. मुंबई उच्च न्यायालयाने १९०२ सालीच सांगून ठेवलंय की मृत्यू हा आरोपीच्या कृत्याचा थेट परिणाम असला पाहिजे, मधे दुसऱ्या कुणाची हयगय आलेली नको. पुढे मुंबईतल्या रंगाच्या एका कारखान्यात आग लागून सात कामगार गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हाच नियम लावून कारखान्याच्या चालकाला मृत्यूच्या कलमातून मोकळं केलं आणि आगीबाबत निष्काळजीपणाचं कलम तेवढं कायम ठेवलं. लायसन्सच्या अटी मोडल्या होत्या, हे खरं. पण आग भडकली ती दुसऱ्या माणसाने गरम मालात घाईने टर्पेंटाइन ओतल्यामुळे. अपघाताच्या खटल्यात याचा अर्थ असा की लायसन्स नव्हतं म्हणून चालक आपोआप ३०४ अ खाली दोषी होत नाही. लायसन्स नसल्याचा गुन्हा वेगळा. लायसन्स नसणं आणि मृत्यू यांच्यामध्ये दुवा दाखवावा लागतो.

आणि रस्ता? खंबाटकीचा बोगदा ओलांडून उतरताना जे ‘एस’ वळण लागतं, ते साताऱ्याकडच्या माणसाला सांगायला नको. तिथे उलटलेल्या गाड्यांच्या चालकांवर गुन्हे नोंदले जातात. वळण आखणाऱ्यावर मात्र नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८ अ हे कलम आलं. रस्त्याच्या आखणीत आणि देखभालीत ठरलेली मानकं पाळली नाहीत म्हणून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. त्या कलमाखालचा एकही खटला माझ्यासमोर आलेला नाही. बचावाच्या वकिलांनीही तो मुद्दा काढायला हवा. ते काढत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

तिसरा बचाव, गाडी कोण चालवत होतं? चालक पळून गेलेला असेल तर हाच प्रश्न सगळ्यात आधी. पळून जाण्याबद्दल कायदा थोडा समजूतदार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ने चालकावर जखमीला दवाखान्यात न्यायची जबाबदारी टाकली, पण जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर सूट दिली. संसदेला कायद्यात जमावाचा उल्लेख करावा लागला, यावरून आपल्या रस्त्यांची कल्पना यावी. मात्र पोलिसांना खबर देण्याच्या जबाबदारीला ती सूट नाही. सरळ ठाण्यात जाऊन हजर व्हा. मालकाकडून चालकाचं नाव मागायचा अधिकारही पोलिसांना आहे, आणि याच टप्प्यावर कधी कधी मालकाच्या मुलाऐवजी पगारी चालकाचं नाव पुढे येतं. एसटीची बस असेल तर ड्युटीच्या नोंदींवरून चालक लगेच ठरतो. खाजगी गाडीत ओळख पटवणारा एकही साक्षीदार नसला की खटला तिथेच बसतो.

२८ सप्टेंबर २००२ च्या रात्रीचा वांद्र्याचा अपघात सगळ्यांना आठवत असेल. बेकरीबाहेर झोपलेल्यांपैकी एक जण गेला, चार जखमी झाले. अभिनेता सलमान खान आरोपी होता. खटला आधी दंडाधिकाऱ्यांसमोर ३०४ अ खाली चालला, साक्षी झाल्या. मग कलम वाढलं आणि तो सत्र न्यायालयात गेला. मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. गाडी कोण चालवत होतं आणि मद्य घेतलं होतं का, हे दोन्ही संशयापलीकडे सिद्ध झालं नाही, असं न्यायालय म्हणालं. गाडीत असलेला पोलीस अंगरक्षक हा मुख्य साक्षीदार २००७ साली वारला होता. त्याची साक्ष झाली होती ती हलक्या कलमाच्या खटल्यात. ती जड कलमाच्या खटल्यात वापरायची का, हा प्रश्न आला आणि उच्च न्यायालयाने तिच्यावर विसंबायला नकार दिला. रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवरही प्रश्न उभे राहिले. निकालाबद्दल तुमचं मत काहीही असो. पण कोणतं कलम लावायचं हे पहिल्याच महिन्यात नीट ठरलं असतं, तर ती साक्ष सुरुवातीलाच योग्य कोर्टात झाली असती.

कलम वाढवण्याचा प्रश्न नाजूक आहे. हयगयीने मृत्यू आणि सदोष मनुष्यवध यांच्यातलं अंतर ‘जाणीव’ या एका गोष्टीने ठरतं. आपल्या कृत्याने माणूस मरण्याची शक्यता आहे हे ठाऊक असून केलं, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली. सात गेले, आठ जखमी. सत्र न्यायालयाने ३०४ अ धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली, सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं दिली, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. मद्य घेऊन, वेगाने, माणसं झोपतात त्या रस्त्यावर गाडी नेणाऱ्याला परिणामाची जाणीव होती असंच धरावं लागेल, हा त्यातला तर्क. पण हा तर्क टिकला तो रक्ताच्या तपासणीच्या आकड्यावर. कायद्यात मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. रक्त उशिरा काढलं की शरीर ते आकडे स्वतःच पुसत जातं.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा राज्यभर संताप उसळला तो अल्पवयीन आरोपीला जामिनासाठी लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर. मला त्याहून गंभीर वाटला तो रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप. आरोप आहे, खटला चालू आहे, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. पण एवढा खटाटोप करावासा कुणाला वाटला असेल, तर रक्ताची ती एक बाटली पुढच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा भारी आहे हे त्याला नेमकं कळलं होतं, असंच म्हणावं लागेल. त्या मुलावर प्रौढ म्हणून खटला का चालवत नाहीत, हेही लोक विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय की ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेली नाही तो बाल न्याय कायद्याच्या अर्थाने ‘घृणास्पद’ गटात बसत नाही. तेव्हा लागू असलेल्या दंड संहितेत सदोष मनुष्यवधाला कमाल शिक्षा होती, तशी किमान नव्हती.

याच अपघाताचा दुसरा खटला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालू असतो. तिथे पुराव्याचं माप वेगळं, संशयापलीकडे सिद्ध करायची गरज नाही. फौजदारी कोर्टात चालक सुटला तरी भरपाई मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगितलंय. कुटुंबासाठी खरा आधार हाच. पण त्याचा एक परिणाम कुणी उघड बोलत नाही. विम्याचे पैसे मिळाले की फौजदारी खटल्यातला कुटुंबाचा जीव निघून जातो. समन्स घेऊन पोलीस गेला की घरातली बाई म्हणते, ‘आता कशाला साहेब, मिळायचं ते मिळालं, गेलेला माणूस काही परत येत नाही.’ तिला काय सांगणार? चार तारखांना तिचा रोज बुडालेला असतो, पाचव्या तारखेला साहेब रजेवर असतात.

शिक्षा वाढल्याने काय होणार? पाच वर्षांचं कलम झालं, पण खटला चालतो प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, आणि त्यांना तीन वर्षांपुढे शिक्षा देताच येत नाही. त्याहून जास्त हवी असेल तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. एक बदल मात्र खरा आहे. आधी नुसता दंड करून सोडता येत होतं, आता कैद आणि दंड दोन्ही. पण तीही कोर्ट उठेपर्यंतची असू शकते. पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची तरतूद असलेलं १०६(२) छापलं गेलं, पण जानेवारी २०२४ मध्ये वाहतूकदारांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि संहिता लागू करताना सरकारने ते पोटकलम तेवढं बाजूला ठेवलं. माझ्या मते ते बाजूला राहिलं हे बरंच झालं. शिक्षा जितकी जड, तितका चालक जास्त पळतो, आणि जखमीला उचलायला कुणी उरत नाही.

न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७९ साली रतनसिंग या ट्रकचालकाची दोन वर्षांची शिक्षा कायम ठेवली. त्याच निकालात त्यांनी म्हटलं की आपल्या न्यायव्यवस्थेचं लक्ष ना बळीच्या कुटुंबाकडे जातं, ना कैद्याच्या घरच्यांकडे. तुरुंगात असताना त्याला वाहन चालवण्याचं शिक्षण द्यावं, असंही सुचवलं. पुढे २००० साली सर्वोच्च न्यायालयानेच अशा चालकांना परिवीक्षेवर सोडू नये असं सांगितलं. त्या निकालातली जरब लक्षात राहिली. कृष्ण अय्यरांची सूचना मात्र मागे पडली.

मोटार वाहन कायद्याच्या कलम २० खाली दोषी चालकाला लायसन्स धारण करायला अपात्र ठरवायचा अधिकार कोर्टाला आहे. पोट ज्याचं स्टिअरिंगवर आहे त्याला सहा महिने कैदेपेक्षा दोन वर्षं लायसन्स नसण्याची धास्ती जास्त, हे मी माझ्या अशिलांच्या तोंडून ऐकलंय. तरी बहुतेक निकालपत्रांत त्याचा उल्लेख नसतो. तेव्हा शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकलं जातं त्या वेळी सरकारी वकिलांनी एक छोटा अर्ज द्यावा, आणि फिर्यादीच्या घरच्यांनी तो द्यायला लावावा. तो मंजूर करायला कुठल्याही दंडाधिकाऱ्याला नवी संहिता लागत नाही.